पितरांच्या पंधरवड्यात अडकलेली गाडी

सिंगापुरात फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेणाऱ्या माणसाचं डोकं तपासून घ्यावं, असं माझ्या बायकोचं मत होतं. ते तिने मला सकाळचा चहा देता देता सांगितलं. इथे घाट कुठे आहे, चिखल कुठे आहे, असं तिने विचारलं. सेंगकांगच्या आमच्या ब्लॉकशेजारून एलआरटीची छोटी ट्रेन जाते, पुढे एमआरटी, म्हणजे मोठी मेट्रो मिळते, दोन्ही थंडगार, दोन्ही वेळेवर. या शहरात घोटाभर पाणी साचलेला एक रस्ता दाखव, मी लगेच गाडीला हो म्हणते, असं ती म्हणाली. बायको पुण्याची आहे. तिचं बोलणं लागतं, कारण बहुतेक वेळा ते बरोबर असतं.

मला चिखलाशी काही देणंघेणं नव्हतं. मला त्या गाडीच्या पुढच्या सीटवर आईला बसवायचं होतं.

माझे वडील एका सरकारी खात्यात जीपचे ड्रायव्हर होते. धरणाच्या कामावरच्या साहेबांना घेऊन ते दिवसभर उन्हातान्हात हिंडायचे आणि संध्याकाळी जीप आमच्या क्वार्टरसमोर आणून लावायचे. किल्ली दाराशेजारच्या खुंटीवर. रोज सकाळी बादलीभर पाण्याने ते तिला धुवायचे, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायचे, आणि आम्हा भावंडांना फार तर टायरला हात लावू द्यायचे. घरचं माणूस त्या जीपमध्ये एकदाही बसलं नाही. शेजारच्या क्वार्टरमधल्या ड्रायव्हरची बायको दर गुरुवारी खात्याच्या गाडीतून बाजाराला जायची, येताना भोपळे आणायची. आमच्याकडे तसलं काही नव्हतं.

मी सात वर्षांचा असताना मला मोठा ताप आला. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं आणि एसटीचा फाटा घरापासून तासाभराच्या चालीवर. जीप दारात उभी होती. आईने मला खांद्यावर घेतलं आणि वडिलांना एकदाच विचारलं, “न्यायची का?”

“ती आपली नाही,” वडील म्हणाले.

एवढंच. उपदेश नाही, चिडणं नाही. त्यांनी छत्री उघडली, माझ्या डोक्यावर धरली आणि ते आमच्याबरोबर चालत निघाले. आईच्या खांद्यावरून मला मागचं दिसत होतं. जीप लहान लहान होत गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली. मी तापात आईला म्हणालो म्हणे, की मोठा झालो की तुला जीप आणीन, पुढे बसवीन. आई ही गोष्ट पाहुण्यांना हसत हसत सांगायची. मला त्या गोष्टीत हसण्यासारखं काही कधी सापडलं नाही.

मी शिकलो, सॉफ्टवेअरमध्ये लागलो, वडील गेले, मी सिंगापुरात आलो, इथे वीस वर्षं काढली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आई लाँग टर्म पासवर आमच्याकडे राहायला आली. गुडघे गेलेले होते. एलआरटीच्या स्टेशनवर लिफ्ट बंद असली की ती जिन्याकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, घरी बसलेलंच काय वाईट आहे. तेव्हा मला ती जीप आठवायची, आणि आपण इतक्या वर्षांत नक्की काय मोठे झालो, असं वाटायचं.

बोटीवर चीफ इंजिनियर असलेल्या एका मित्राने मला एजंट गाठून दिला. तोआ पायोहच्या एका जुन्या ब्लॉकखाली त्याचं ऑफिस होतं. साठीचा चिनी माणूस, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, टेबलावर कॉफीचा कप, भिंतीवर देवाचा लाल देव्हारा आणि समोर तीन संत्री. त्याने मला जपानमध्ये वापरलेली एक गाडी फोटोत दाखवली. लहान, चौकोनी, मेंदीच्या रंगाची, सरळ उभी काच. आजकालच्या गाड्या साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत असतात. ही तशी नव्हती. ही बघताक्षणी मी सात वर्षांचा झालो.

मग त्याने नियम सांगितला. बाहेरून जुनी गाडी आणता येते, पण तिची पहिली नोंदणी झाल्यापासून तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आत ती इथे नोंदली गेली पाहिजे. एक दिवस जरी उलटला तरी इथल्या रस्त्यावर तिला जागा नाही. जिथून आली तिथे, किंवा जो देश घेईल तिथे पाठवून द्यायची. या गाडीची तीन वर्षं सप्टेंबरच्या अखेरीस भरत होती. बोटीचा प्रवास धरून आपल्याकडे वेळ आहे, पण उधळायला नाही, असं तो म्हणाला. हे त्याने मला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा तारीख कागदावर लिहून तिच्याभोवती गोल काढला. गाडी रस्त्यावर ठेवण्याचा परवाना इथे लिलावात घ्यावा लागतो. तोही मी घेतला. खर्चाचं मी बोलत नाही. बायको बोलली, तेवढं पुरे आहे.

गाडी ऑगस्टच्या शेवटी आली आणि तुआसच्या एका यार्डात उतरली. मी आईला घेऊन बघायला गेलो. टॅक्सीने तासभर लागला. एवढा रस्ता संपला तरी हे बेट संपत नाही, याचं आईला नवल वाटलं. गेटवरच्या वॉचमनने कागद बघितला आणि ज्याचं नाव कागदावर आहे तेवढ्यानेच आत जायचं, असं सांगितलं. मी विनवण्या केल्या. म्हातारी बाई आहे, दोन मिनिटं बघेल आणि येईल. तो नम्रपणे नाही म्हणाला. इथली माणसं नाही म्हणतात तेव्हा पुढे बोलायला जागा ठेवत नाहीत.

मग मी एकटा आत गेलो. कंटेनरच्या रांगेपलीकडे गाडी उभी होती, धुळीने माखलेली. मी आत बसलो, स्टिअरिंग धरलं आणि गेटकडे बघून हात हलवला. आई जाळीच्या दाराबाहेर उभी होती. उन्हासाठी तिने पदर डोक्यावर घेतला होता. तिने हात वर केला. जीपमध्ये मी आणि बाहेर उन्हात आई, हे माझ्या लक्षात आलं आणि मला ते आवडलं नाही. पण पंधरा-वीस दिवसांचा तर प्रश्न आहे, असं म्हणून मी खाली उतरलो.

“उंच आहे रे,” परत येताना टॅक्सीत ती म्हणाली. “माझा पाय पोचेल का?”

मी म्हटलं, पायरी बसवून घेऊ. ती खूश झाली. थोड्या वेळाने तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, “ह्यांच्या तिथीला आण गाडी. पंधरवड्यात दशमीला आहे. जन्मभर दुसऱ्याची पुसली त्यांनी. बघू दे त्यांना आपली.”

मी म्हटलं, आई, पितृपक्षात नवी वस्तू घरात आणत नाहीत.

“नवी कुठे आहे? वापरलेलीच आहे ना?” ती म्हणाली. “आणि वाईट दिवस कसले रे ते? आपलीच माणसं येतात घरी.”

हे तिचं बोलणं मी नीट लक्षात ठेवलेलं आहे, शब्दन्‌शब्द. पुढे जे घडलं ते समजायला एवढंच पुरे आहे.

आता माझं सांगतो. मी देवधर्म न मानणारा माणूस म्हणून ओळखला जातो. ऑफिसात, मित्रांत, मंडळातल्या गणपतीतही मी लांब उभा राहून हसणाऱ्यांपैकी. पंचवीस वर्षं कॉम्प्युटरच्या संगतीत काढली आहेत. पण नोकरी लागल्या वर्षी मी मोटारसायकल घेतली होती, ती सर्वपित्री अमावास्येला. त्या दिवशी कोणी गाडी घेत नाही म्हणून दुकानदार दर पाडून देत होता, आणि मी त्याला हसून म्हटलं होतं, माझे पितर मॉडर्न आहेत. दिवाळीच्या आत वडील गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. कोणी त्या मोटारसायकलचा आणि त्यांच्या जाण्याचा संबंध लावला नाही. मी लावला. मी तो कुणाजवळ बोललो नाही, पण तेव्हापासून पितृपक्षात मी साधी चप्पलसुद्धा विकत घेतलेली नाही. दर वर्षी त्या पंधरा दिवसांत मला काही ना काही घ्यायची आठवण व्हायची आणि दर वर्षी मी काहीतरी कारण काढून ती पुढे ढकलायचो. कारणं काढण्यात मी तरबेज झालो होतो.

पंधरवडा सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी एजंटचा फोन आला. मंगळवारी गाडीची तपासणी करून घेऊ, पास झाली की त्याच दिवशी नोंदणी, तू सहीला ये. त्याचाही तो महिना तसलाच होता. चिनी लोकांचा सातवा महिना, भुताखेतांचा. तोआ पायोहच्या ब्लॉकांखाली पत्र्याच्या पिंपात कागदी नोटा जळत होत्या, आणि या महिन्यात त्याचं एकही चिनी गिऱ्हाईक गाडी घेत नव्हतं. म्हणूनच तपासणी केंद्र रिकामं आहे, हवी ती वेळ मिळेल, असं तो म्हणाला.

मी म्हटलं, दोन आठवडे थांबू. माय मदर, ओल्ड पीपल, यू नो. तिला या दिवसांत गाडी चालत नाही.

विचार करून बोललो नाही मी. ते आपोआप तोंडातून आलं. ‘आईला चालत नाही’ हे वाक्य आम्हा मराठी पुरुषांच्या जिभेवर तयारच असतं. दारू नको असेल तर आईला चालत नाही, उपास मोडायचा नसेल तर आईला चालत नाही. आईला कोणी विचारायला जात नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं आणि पुन्हा ते आईच्या पदराखाली.

तो म्हणाला, “सेवन्थ मंथ, माय कस्टमर ऑल्सो स्केअर्ड. बट गव्हर्नमेंट नॉट स्केअर्ड, लाह.”

त्याने पुढे समजावलं. हा महिना संपला की थांबलेले सगळे एकदम धावत येतील, केंद्रावर वेळ मिळणार नाही. गाडीत काही खोट निघाली तर दुरुस्तीला दिवस लागतात. माझा महिना आणि तुझा पंधरवडा या वर्षी एकाच दिवशी संपतोय, आणि गाडीची शेवटची तारीख त्यानंतर चार दिवसांनी आहे. मग त्याने विचारलं, मी बोलू का तुझ्या आईशी? मी म्हटलं, तिला इंग्रजी येत नाही.

घटस्थापनेचा दिवस ठरला. बायकोने कारण विचारलं तेव्हा मी तिलाही तेच सांगितलं. तिच्या कपाळाला आठी पडली. आई तशा वाटल्या नाहीत मला कधी, ती म्हणाली. मी म्हटलं, तुला काय माहीत, गावाकडची माणसं आहेत, मनात धरून बसतात. तिच्यासमोर हा विषय काढू नकोस, तिला वाईट वाटेल. दोन दिवसांनी ऑफिसात जेवताना एका मराठी सहकाऱ्याने गाडी कुठवर आली असं विचारलं. त्यालाही मी तेच सांगितलं, शिवाय थोडं हसून. तोही हसला. म्हणाला, आपल्या म्हाताऱ्यांचं काही सांगू नकोस.

दशमीला आईने वडिलांचं पान वाढलं. खीर, वडे, आमसुलाची चटणी, भेंडीची भाजी त्यांना आवडायची म्हणून तीही. इथे कावळा मिळणं कठीण, आणि पक्ष्यांना खायला घातलं तर दंड होतो. आईने घास धुण्याच्या जागेच्या कठड्यावर ठेवला आणि मी दार धरून पाळत ठेवली. दोन साळुंक्या आल्या. आईला त्या चालल्या. हात जोडून झाल्यावर तिने विचारलं, “आज येणार होती ना रे गाडी?”

मी म्हटलं, एजंटचे कागद अडकलेत.

“बरं,” ती म्हणाली आणि पान उचलायला गेली. माझं खोटं बोलून झालं होतं, चौघांशी दोन तऱ्हेचं. हिशेब नीट ठेवला तर कुठे फुटणार नाही, असं मला वाटलं.

घटस्थापनेला सकाळी नारळ, हळद-कुंकू आणि झेंडूचा हार पिशवीत घालून मी केंद्रावर गेलो. एजंटने म्हटलं होतं तसंच झालं. बाहेर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. अडीच तासांनी आमचा नंबर लागला. तपासणाऱ्या पोराने टेप लावून चाकं मोजली. जपानमधल्या आधीच्या मालकाने हौसेने मोठी चाकं बसवली होती; ती दोन्ही बाजूंनी बॉडीच्या बाहेर दोन दोन बोटं येत होती. इथे तसं चालत नाही. बाकी गाडी ठणठणीत. चाकं बदला आणि परत आणा, असं त्याने कागदावर लिहून दिलं.

चाकं संध्याकाळपर्यंत बदलून झाली. एजंटने माणूस गाठून, ओळखी वापरून ते काम करून घेतलं. परत तपासणीची वेळ मात्र मिळेना. तो शहरातल्या प्रत्येक केंद्राला फोन लावत बसला होता, आणि मी समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. पिशवीतला झेंडू कोमेजत चालला होता. सगळ्यात लवकरची वेळ मिळाली ती शेवटच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशीची. आम्ही तीन दिवस रोज पहाटे केंद्राच्या दारात जाऊन उभे राहिलो, कोणी वेळ रद्द करेल म्हणून. कोणी केली नाही. मंगळवारी गेलो असतो तर हीच चाकं बुधवारी बदलून झाली असती, आणि रिकाम्या केंद्रावर गुरुवारी तपासणी झाली असती. आजही मला हे वार झोपेतून उठवून विचारा.

शेवटची तारीख गेली त्या संध्याकाळी एजंट मला बोलला असता तर बरं वाटलं असतं. तो बोलला नाही. त्याने गाडी दुसऱ्या देशात पाठवण्याचे कागद माझ्यापुढे ठेवले, कुठे सही करायची तिथे बोट ठेवलं. मी निघालो तेव्हा तो दारापर्यंत आला.

“टेल युअर मदर, नॉट हर फॉल्ट, ओके?” तो म्हणाला. “ओल्ड पीपल लाइक दॅट. मस्ट टेल हर.”

मी ओके म्हटलं.

घरी येऊन आईला सांगितलं की गाडीत दोष निघाला, परत पाठवली. ती म्हणाली, जाऊ दे, कुणाला काही झालं नाही ना? मग गुडघ्याला तेल लावत बसली. मला सुटल्यासारखं झालं. पण बायको दुसरंच धरून बसली होती. एवढी धावपळ, एवढा पैसा, नवरा तीन दिवस पहाटे उठून दारोदार फिरलेला, आणि हे सगळं कशाने, तर सासूच्या पंधरवड्याने. तिने तोंडावर काही म्हटलं नाही, मीच तिला म्हणू नको म्हटलं होतं. पण स्वयंपाकघरात भांडी जरा जोराने ठेवली जाऊ लागली. आई भाजी निवडायला बसली की बायको म्हणायची, असू द्या, मी करते. आईला काही कळेना. दोन वेळा तिने मला हळूच विचारलं, माझं काही चुकलं का रे, ही बोलत नाही. मी म्हटलं, ऑफिसचा ताण आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात असं ऐकलं होतं. आमच्या घरी चोर संन्याशाशेजारी बसून जेवत होता.

त्या रविवारी एका कॉन्डोच्या हॉलमध्ये भोंडला होता. बायको, आई आणि मुलगी दुपारीच गेल्या. मी संध्याकाळी न्यायला गेलो. हत्तीच्या चित्राभोवतीचा फेर संपला होता आणि खिरापत ओळखायचा खेळ चालू होता. आईच्या डब्यातली कुणालाच ओळखता येत नव्हती. लाडू, वडी, चिवडा, सगळं झालं. आई लहान मुलीसारखी डबा छातीशी धरून नाही नाही म्हणत होती. मी दारात उभा राहून बघत होतो. बऱ्याच दिवसांनी ती अशी हसत होती.

त्या माझ्या सहकाऱ्याची बायको तिच्याशेजारी बसली होती. चांगली बाई आहे, तिच्या मनात वाईट काही नव्हतं. ती हसत म्हणाली, “काकू, खिरापतीचं राहू द्या. तुमच्या पितृपक्षाने गाडी घालवली म्हणे आमच्या भावजींची.”

दोघीचौघी हसल्या. एक म्हणाली, इथे असं काही नसतं हो काकू, इथे सगळे दिवस सारखेच.

आईने मान वर करून दाराकडे बघितलं. मी तिथे आहे हे तिला माहीत नव्हतं. तिने सहज बघितलं आणि मी होतो. ती फार वेळ बघत राहिली नाही. मग तिने बायकोकडे बघितलं, आणि बायको खाली मान घालून पेपर प्लेट गोळा करत होती. इतक्या दिवसांची भांडी कशासाठी वाजत होती, ते आईला तिथे कळलं असावं.

“हो ग बाई,” आई म्हणाली. “मीच नको म्हटलं. म्हाताऱ्या माणसाचं डोकं. आता वाटतं, उगाच बोलले.”

मला एवढंच म्हणायचं होतं की ती नाही म्हणाली, मी म्हणालो. मराठीत चार-पाच शब्द होतात. हॉलमध्ये वीसएक ओळखीची माणसं होती. मी आत जाऊन मुलीचे बूट शोधायला लागलो. मुलगी म्हणाली, “आजी so sad, lah, तिची खिरापत कोणी guess नाही केली.” डब्यात कणसाचा उपमा होता. तो तसाच घरी आला.

परतताना एलआरटीत बायको आणि मुलगी पुढे बसल्या, मी आणि आई मागे. त्या डब्याला ड्रायव्हर नसतो. तो आपला आपण चालतो आणि इमारतींच्या खिडक्यांजवळून वळत जातो. आई बाहेर बघत होती. दोन स्टेशनं गेल्यावर तिने खालच्या आवाजात विचारलं, “तिलाही असंच सांगितलंयस?”

मी मान हलवली. आज घरी गेल्यावर तिला खरं सांगतो, म्हणालो.

“आता नको,” आई म्हणाली. “सगळ्यांसमोर मी हो म्हटलंय. आता तू दुसरं सांगितलंस तर आपण दोघं खोटे.” आमचं स्टेशन आलं तशी तिने खांब धरून उठायला सुरुवात केली. मी हात पुढे केला तो तिने घेतला नाही. “हे जीप द्यायचे नाहीत,” ती म्हणाली, “पण कारण खरं सांगायचे.”

दिवाळीनंतर महिनाभर गावी जाऊन यायचं ठरलं होतं, ती दिवाळीच्या आधीच तिकडे राहायला गेली. लेकीकडे बरं वाटेल म्हणाली. विमानतळावर माझ्या डोक्यावरून हात फिरवला, बायकोला म्हणाली, सांभाळ त्याला, फार दगदग करतो. रागावून गेली असती तर मी माफी मागितली असती. रागावली नव्हती. तिने नुसतं आपलं बिऱ्हाड माझ्या घरातून हलवलं.

मी वर्षभर गप्प राहिलो. पुढच्या पितृपक्षात बायकोने आपणहून वडिलांचं पान केलं. वाढता वाढता ती म्हणाली, आई असत्या तर नीट झालं असतं, पण खरं सांगू, मला अजून त्या गाडीचा त्यांच्यावर राग आहे. भेंडीची भाजी पानावर वाढून झाली होती. तेव्हा मी सांगितलं. मंगळवार, मोटारसायकल, टॅक्सीतलं बोलणं, तोआ पायोहचा फोन, सगळं. ती डाव हातात धरून ऐकत राहिली. मग तिने हात पुसले, माझ्यादेखत आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“आई, हा म्हणतोय गाडी त्यानेच थांबवली होती, तुम्ही नाही. खरं आहे का?”

पलीकडे बहिणीच्या घरातला मिक्सर चालू होता, तो थांबला.

“अगं, नाही,” आई म्हणाली. “मीच म्हटलं होतं. तो मला सांभाळून घेतोय. लहानपणापासून तसाच आहे.” मग तिने खीर आटवलीस का, वड्यांना पीठ किती घेतलंस, अशी चौकशी केली आणि फोन ठेवला.

मी बायकोला म्हटलं, ती खोटं बोलतेय. बायको माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. आईचा दोष पुसायला माणूस स्वतःच्या अंगावर एवढं घेतो, असं म्हणाली, आणि मी उगाच त्यांच्याबद्दल मनात धरून बसले. यापुढे नाही धरणार.

मी पुन्हा सांगून बघितलं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पान वाढलं. साळुंक्या येऊन घास घेऊन गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. त्या दिवशी तिने मला खीर दोनदा आग्रहाने वाढली, आणि दोन्ही वेळा मी ती खाल्ली.